मदत हवी आहे: अमेरिकन लेखिका बार्बरा मायकेल्सच्या जॉर्जटाउन (वॉशिंग्टन शहरातला भाग) कादंबऱ्यांपैकी पुढची कोणती वाचू?

'अॅमी, कम होम' (१९६८) नुकतीच संपवली आणि अजून तिच्यातल्या झपाटलेल्या घरातच अडकले आहे. रात्री बाहेरून येणारी ती हाक, आधी वाटतं कुणीतरी हरवलेलं कुत्रं-मांजर शोधतंय! शिवाय नायिका रूथ मध्यमवयीन, विधवा. तिचं प्रेम भीतीच्या सोबतीनेच वाढतं, ते मला फार भावलं.

याच मालिकेत पुढे 'शॅटर्ड सिल्क' (१९८६) आणि 'स्टिचेस इन टाइम' (१९९५) आहेत. दोन्हींचे परिचय वाचले, पण त्यांतून नेमकं कळत नाही आणि रहस्य फुटेल म्हणून जास्त खोलात गेले नाही. नारायण धारपांचं बरंच वाचलंय, पण आत्ता भयाइतकीच प्रेमकथाही हवी आहे. व्हॅम्पायर आणि रक्तपात नको. इंग्रजी चालेल, ई-बुकही चालेल.

ज्यांनी तिन्ही वाचल्यात त्यांनी शेवट न फोडता सांगा: 'शॅटर्ड सिल्क'मध्ये खरंच अमानवी काही आहे, की ते निव्वळ माणसांचं रहस्य? आणि ती वगळून थेट 'स्टिचेस इन टाइम' घेतली, तर पात्रांची नाती समजायला अडेल का?