मदत हवी आहे: ट्रेडमिल एबीआयच्या आधी कोणत्या गोळ्या बंद करायच्या?

सायली_लॅब
व्हॅस्क्युलर लॅबमध्ये काम करते. उद्या सकाळी ९ ला ट्रेडमिल एबीआय (पट्ट्यावर चालवून घोट्याच्या आणि दंडाच्या दाबाचं गुणोत्तर बघणं) आहे. चालताना पोटऱ्या भरून येतात म्हणून पाठवलंय. पेशंटच्या ढीगभर गोळ्या चालू आहेत आणि आमच्या प्रोटोकॉलमध्ये औषधांबद्दल एक ओळही नाही. कोणत्या बंद ठेवायला सांगू? कृपया थेट यादी द्या.

अनिकेत७
कोणत्या गोळ्या ते तर लिहा. नाव, डोस, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी घेतली. शिवाय विश्रांतीचा एबीआय किती, इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का, छातीत दुखतं का, दम लागतो का?

कोथरूडकर
बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी गोळी) आणि बीपीच्या गोळ्या सकाळी घेऊ देऊ नका, टेस्ट झाल्यावर घेतील. हार्टच्या स्ट्रेस टेस्टला असंच करतात.

नीलधमनी
@कोथरूडकर, ते इथे लागू होत नाही. हार्टच्या टेस्टमध्ये ठोके ठरावीक आकड्यापर्यंत न्यायचे असतात, म्हणून कधी कधी बीटा ब्लॉकर थांबवतात, तेही डॉक्टर सांगतील तर. इथे आपण घोट्याचा दाब मोजतो. ताशी ३.२ किमी वेग, १२ टक्के चढ, जास्तीत जास्त ५ मिनिटं. पेशंट थांबला की लगेच आडवं करायचं आणि पहिल्या मिनिटात घोटा व दंड दोन्हींचा दाब घ्यायचा. एबीआय २० टक्क्यांहून जास्त किंवा घोट्याचा दाब ३० मिमीहून जास्त उतरला तर टेस्ट पॉझिटिव्ह. त्यासाठी बीटा ब्लॉकर बंद करायची गरज नाही. उलट एकदम थांबवला तर ठोके उसळतात, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) होऊ शकतो. अ‍ॅमलोडिपिन ही बीपीची गोळी असेल तर त्याचं अर्धायुष्यच (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३० ते ५० तास; एका सकाळची गोळी चुकवून काहीही साधत नाही.

कोथरूडकर
गोळ्या घेऊन चालवलं आणि बीपी पडून चक्कर आली तर?

नीलधमनी
म्हणून तर आधी दोन्ही दंडांचं बीपी घ्यायचं, चालताना एक माणूस शेजारी उभा ठेवायचा, आणि चक्कर, दम किंवा छातीत दुखणं यातलं काहीही झालं तर पट्टा थांबवायचा. रोजच्या औषधांवर पेशंट जसा चालतो, तसाच रिपोर्ट उपचार करणाऱ्याला हवा असतो.

मेडिकलवाला_सांगली
मधुमेहाचं मेटफॉर्मिन असेल तर जपून. सीटी अँजिओला शिरेतून कॉन्ट्रास्ट देताना ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन थांबवतात, ४८ तासांनी किडनीची तपासणी करून पुन्हा सुरू करतात.

अनिकेत७
माहिती बरोबर आहे, पण इथे कॉन्ट्रास्ट कुठे आहे? कफ आणि डॉपलरची टेस्ट आहे. सायली, यादी?

सायली_लॅब
अ‍ॅस्पिरिन ७५, सिलोस्टाझोल (चालताना पाय दुखण्यावरची गोळी) १०० दोनदा, मेटोप्रोलॉल ५०, अ‍ॅमलोडिपिन १०, ओमेप्राझोल २०, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, मेटफॉर्मिन ५०० दोनदा. एबीआय उजवा ०.९४, डावा ०.९१. इको जुना आहे, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ३५ लिहिलंय. दोन्ही घोटे थोडे सुजलेत. पण मी विचारलं होतं बंद काय करायचं ते.

नीलधमनी
सायली, आता उद्याची टेस्ट बाजूला ठेवा. ईएफ ३५, म्हणजे अशक्त हृदय, आणि सिलोस्टाझोल एकत्र ही आजच फोन करण्याची गोष्ट आहे. हार्ट फेल्युअर सौम्य असो की तीव्र, सिलोस्टाझोल वर्ज्य. ते फॉस्फोडायएस्टरेज-३ हे एन्झाइम अडवतं. याच गटातलं मिल्रिनोन तोंडावाटे दिल्यावर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये मृत्यू वाढले, हे १९९१ च्या प्रॉमिस चाचणीत दिसलं. सिलोस्टाझोलच्या पाकिटातल्या माहितीपत्रकावरचा इशारा त्यामुळेच आहे.

त्यात ओमेप्राझोल. ते सीवायपी२सी१९ हे औषधं मोडणारं एन्झाइम अडवतं, सिलोस्टाझोलचा परिणाम वाढतो, म्हणून सोबत द्यायचंच झालं तर डोस ५० दोनदा. इथे १०० चालू आहे. डोकेदुखी, धडधड होते का विचारा. बीटा ब्लॉकरमुळे धडधड झाकली जाऊ शकते.

गोळी बंद करायला पेशंटला तुम्ही सांगू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, ईएफ आणि डोस दोन्ही आकडे सांगा, कोणाशी किती वाजता बोललात ते नोंदवा.

मेडिकलवाला_सांगली
सूज अ‍ॅमलोडिपिनची आहे. १० च्या डोसला दोन्ही घोटे सुजू शकतात. लघवीच्या गोळीने ती उतरत नाही.

अनिकेत७
सुजतात, मान्य. डीव्हीटीच्या (पायाच्या शिरेतल्या गुठळीच्या) स्कॅनसाठी येणाऱ्या दोन्ही पायांच्या सुजेत हे कारण आवर्जून बघावंच, तसंच प्रेगाबालिन, पायोग्लिटाझोन आणि दुखण्याच्या गोळ्याही. पण ईएफ ३५ असताना ‘अ‍ॅमलोडिपिनची सूज’ लिहून मोकळं होऊ नये. उशा वाढवून झोपतात का, वजन वाढलंय का, ही हार्ट फेल्युअरची लक्षणं विचारल्याशिवाय तर नाहीच. अशा पायावर कफही घट्ट बसत नाही, दाब चुकतो.

लीड्सकर
यूकेत हा गुंता कमी दिसतो. नाइसने (तिथली उपचारांची मार्गदर्शक संस्था) २०११ मध्ये क्लॉडिकेशनसाठी (चालताना पाय दुखण्यासाठी) नाफ्टिड्रोफ्युरिल मान्य केलं, सिलोस्टाझोल आणि पेन्टॉक्सिफायलिन नाही. युरोपात २०१३ पासून आणखी अटी आहेत: दोन रक्त पातळ करणारी औषधं आधीच चालू असतील तर सिलोस्टाझोल नको, आणि ३ महिन्यांत फरक नसेल तर बंद. सिलोस्टाझोल जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायचं. चरबीयुक्त जेवणासोबत घेतलं तर रक्तातली पातळी चढते. रिपोर्टमध्ये चालण्याचं अंतर लिहाल तेव्हा औषध किती आठवड्यांपासून चालू आहे तेही लिहा. हे औषध बदलतं ते मुख्यतः अंतर, विश्रांतीचा एबीआय फारसा नाही. पुढच्या वेळी तुलना करताना त्याचाच घोळ होतो.

कोथरूडकर
मग पेशंटच्या पोटऱ्यांचं काय? टेस्टच करायची नाही?

नीलधमनी
डॉक्टरांशी बोलून ट्रेडमिलचं ठरवा. नको म्हणाले तर पाय दुखेपर्यंत टाचा वर उचलून, जास्तीत जास्त ५० वेळा, तसाच आधी आणि नंतर दाब घेता येतो. हृदयावर ताण बराच कमी. तोही त्यांना विचारूनच.

सायली_लॅब
फोन केला. सिलोस्टाझोल आजपासून बंद केलं, उद्याची टेस्ट रद्द, नवीन इको लिहून दिलाय. यादी त्यांनी पूर्ण पाहिलीच नव्हती, दुसरीकडून लिहून आलेली गोळी होती. लॅबच्या फॉर्मवर नाव, डोस, शेवटची वेळ आणि ईएफ असे चार रकाने घालते.

अनिकेत७
पाचवा घाला: कोणी लिहून दिली. आणि मधुमेह आहे, ०.९४ वर विसंबू नका. धमनी कडक असेल तर घोट्याचा दाब खोटा चढतो. पायाच्या अंगठ्याचा दाब घेतलाय का?