थंडीत धाकट्याची सर्दी हटत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा 8 महिन्यांचा. ती बालवाडीतून सर्दी घेऊन येते आणि दोनच दिवसांत याचं नाक वाहायला लागतं. या वयात वरचेवर सर्दी होतेच, असं डॉक्टर म्हणाले, पटतंही. पण नाक चोंदलं की त्याला दूध ओढता येत नाही, रात्रभर रडतो, बघवत नाही हो.

पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घालते. थोरलीचे हात साबणाने 20 सेकंद धुऊन घेते. फ्लूची लस दोघांनाही दिली आहे. मध चाटवायला कृपया सांगू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला तो धोक्याचा असतो.

मला अडतंय ते रात्रीच्या कपड्यांचं. एवढ्या लहान बाळावर झोपेत सैल पांघरूण नको म्हणतात. जाड कपडे घातले तर मान घामाने भिजते, कमी केले तर हात गार लागतात. तुम्ही अंदाज कसा घेता? आणि श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त झाले तर लगेच दाखवा असं सांगितलंय, पण तो चुळबुळ करतो आणि मोजणं चुकतं. कसं मोजता?

थोरली सारखी त्याचे पापे घेते. तिला न दुखावता कसं थांबवू?