कळमेश्वरजवळ १०० मेंढ्यांचा बंदिस्त फार्म: परवडेल का? सल्ला हवा

कळमेश्वरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरजवळ सहा एकर शेती आहे. दोन एकर संत्रा, बाकी कापूस, तूर, सोयाबीन. विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरतं. संत्र्याची गळ आणि सोयाबीनचे भाव पाहून घरी ठरलं की जोडधंदा हवाच. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि ५ नर अशा गटाला ५० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. तेवढ्याच मेंढ्या पूर्ण बंदिस्त पाळायचा विचार आहे. मेंढीचा अनुभव शून्य, घरी दोन गाई आहेत. जात कोणती घ्यावी, गोठा किती मोठा हवा आणि शेवटी हातात काही उरतं का, हे सांगा.

हिंगण्याचा_गोठा
नऊ वर्षांपासून मेंढ्या पाळतो आहे. अनुदान शेवटी बघा, आधी एका मेंढीचा हिशेब कागदावर मांडा.

गाभणकाळ पाच महिन्यांचा. व्यवस्था उत्तम असेल तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, म्हणजे वर्षाला दीड. त्यातली काही मरतील, काही पाटी (मादी कोकरं) कळपात ठेवाव्या लागतील. मेंढीमागे वर्षाला एक कोकरू विकलं गेलं, तर मी ते वर्ष चांगलं धरतो.

आता खर्च. बंदिस्त मेंढीला रोज तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळला चारा आणि २०० ग्रॅम खुराक लागतो. वर्षाला एका मेंढीचा खुराक झाला ७३ किलो आणि कुटार (मळणीनंतरचा वाळला चारा) सुमारे साडेतीन क्विंटल. ढेप आणि मका आज तुमच्या दारात ज्या भावाने पडतात त्याने गुणा, मजुरी मिळवा आणि एका कोकराच्या किमतीशी ताडून पाहा. सगळा चारा विकत घेऊन हे गणित जुळलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुमच्याकडे तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार घरचं आहे, ही मोठी जमेची बाजू. एक एकर शेवरी, सुबाभूळ आणि संकरित नेपियर गवत लावा. चारा उभा राहिल्यावरच मेंढ्या आणा. सुबाभूळ मात्र इतर चाऱ्यात मिसळून थोडाच द्या, नुसत्या सुबाभळीवर मेंढीची लोकर झडते.

लोकरीचा पैसा हिशेबात धरू नका. आपल्याकडची लोकर जाडीभरडी आणि थोडी, कातरणीची मजुरीही निघत नाही.

अनुदान दोन हप्त्यांत मिळतं, बाकीची रक्कम कर्जाची किंवा पदरची. पहिल्या पावसाळ्यात कळप आजारी पडला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. माझ्या पहिल्या वर्षी ४० पैकी ११ मेंढ्या श्रावणातच गेल्या. त्या आठवड्यात मला रात्री झोप नव्हती. म्हणून कळकळीने सांगतो, २० माद्या आणि एका नरावर एक पावसाळा काढा, मग वाढवा.

पशुवैद्य_विदर्भ
वरच्या मेंढ्या श्रावणात गेल्या, यातच नागपूरची खरी अडचण आहे. दख्खनी मेंढी कमी पावसाच्या माळरानाची. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि काळी, पाणी धरणारी माती. खुरं सडतात, जंत वाढतात, डबक्याकाठी चरली की यकृतात पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत) होतात. गोठा उंचवट्यावर हवा, शक्य असेल तर लाकडी फटींच्या माचाणावर. प्रौढ मेंढीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर मोकळी जागा त्याच्या दुप्पट. मे महिन्याच्या उन्हासाठी छप्पर उंच ठेवा आणि भोवती कडूनिंब लावा.

आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्या, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. या रोगात संध्याकाळी धडधाकट दिसलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं, आणि बहुतेक वेळा कळपातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरूच जातं. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवीची लस चुकवू नका. पाऊस संपता संपता चिलटांमुळे नीलजिव्हा (ब्लू टंग) हा रोग येतो, तेव्हा संध्याकाळी गोठ्यात कडूनिंबाच्या पाल्याचा धूर करा. जंताचं औषध लेंडी तपासून द्या. दरवेळी तेच औषध दिलं की पुढे ते लागू पडत नाही.

तुमच्याकडे गाई आहेत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. गाईचं क्षारमिश्रण मेंढीला देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर मरतं. मेंढीचं वेगळं मिश्रण मिळतं.

कुरमाराचं_पोरगं
भाऊ, आमचं घर आज्यापासून मेंढ्यायवरच चालते. तुले खरं सांगतो, आमच्या घरी कोकरापेक्षा लेंडीखताचा पैसा भरोशाचा. पऱ्हाटीचा शेवटचा वेचा झाला का शेतकरी सोताहून वावरात बोलावते. होळीपासून मिरगापर्यंत रोज रातच्याले कोणाच्या ना कोणाच्या वावरात मेंढ्या बसते. कोणी पैसे देते, कोणी गहू-ज्वारी देते. बंदिस्त कराचं अशीन तरी दिवसाचे चार-पाच घंटे चारून आण. नुसती बांधून ठेवलेली मेंढी आळसते, खुरं वाढते, खर्चही वाढते.

सोयाबीन काढल्यावर लगेच वावरात नको सोडू. सांडलेले दाणे हावरटासारखे खाते अन् पोट फुगून मरते. ज्वारीचे कवळे कोंबही नाही, त्याच्यात जहर रायते. फवारलेल्या पऱ्हाटीत तं पायच नको ठेवू देऊ. मोठ्या संत्र्याच्या बागेत चालते, लहान कलमं असली तं शेंडे खाऊन टाकते.

अन् गावच्या कुत्र्यायचा बंदोबस्त पैले कर. आमच्याकडं बिबट्यापरिस जास्त नुकसान कुत्र्यायनंच केलं.

कळमेश्वरचा_शेतकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री हिशेब मांडला. १०० मेंढ्यांना वर्षाला ३६५ क्विंटल वाळला चारा लागेल आणि आमच्या घरचा २५-३० मेंढ्यांनाही जेमतेम पुरेल. म्हणजे २० च. जातीचं आणि विक्रीचं कोणी सांगेल का? जुळी देणारी नारी सुवर्णा घ्यावी का?

नरखेडची_ताई
दादा, फलटणच्या नारी संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणला, ती नारी सुवर्णा. मेंढी चांगलीच आहे. पण जुळ्यांना आईचं दूध पुरवावं लागतं, कमी पडलं तर बाटली हातात धरावी लागते. पहिल्याच वर्षी ते नका घेऊ. आधी दख्खनी सांभाळायला शिका, नंतर नर त्या जातीचा आणा. नर दर दोन वर्षांनी बदला. कोकरू पडल्यावर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे आणि नाळेला आयोडीन लावलंच पाहिजे. माझी कोकरं वाचायला लागली ती या दोन गोष्टींमुळे.

विक्रीचं म्हणाल तर नागपुरात गिऱ्हाईक बोकड मागतं. मेंढीच्या मटणाला खरी मागणी तेलंगणात, आणि हैदराबादचा रस्ता आपल्या दारातूनच जातो. व्यापारी गोठ्यावर येतात, पण नजरेने भाव लावतात. वजनकाटा घ्या आणि किलोवर विका. चांगले नर बकरी ईदला राखून ठेवा.

रामटेक तालुक्यात बोंद्रीला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, ते आधी बघून या. प्रशिक्षणाची चौकशी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात करा.

कळमेश्वरचा_शेतकरी
या आठवड्यात बोंद्रीला जातो. चाऱ्याची लागवड मिरगाला, मेंढ्या दिवाळीनंतर. विकत घेताना काय पाहायचं?

कुरमाराचं_पोरगं
दिवाळीनंतरच बरं, तवा कुटारही रायते अन् जमीनही वाळलेली रायते. तोंड उघडून दात पाय. दोन किंवा चार दाती घे, जुळलेल्या दाताची म्हंजे म्हातारी नको घेऊ. कास दाबून पाय, गाठ नको. डोळ्याची पापणी उलटून पाय, लाल पाह्यजे, पांढरी असली तं पोटात जंत. शेपटीखाली हगवण लागली असली तं तिथूनच वापस ये. आमचा कळप तवा सावनेरकडं रायते, कळवजो, मी सोबत येतो.