कोळशाच्या नव्या वीजकेंद्राला गावांनी संमती द्यावी का?

धागाकर्ता
माझं मत: द्यावी, पण अटी कागदावर आल्यावरच. 660 मेगावॉटचा एक संच धरा. बांधकामाची चार-पाच वर्षं हजारोंना काम मिळतं. संच चालू झाला की कायमची माणसं काहीशेच लागतात. म्हणून 'स्थानिकांना प्राधान्य' एवढ्या शब्दांवर सही नको. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, कोळसा हाताळणी, राख हाताळणी अशा जागांची संख्या लिहून घ्या. प्रशिक्षण पायाभरणीबरोबरच सुरू व्हायला हवं. बॉयलर पेटल्यावर मुलं शिकायला पाठवली, तर ती परत येईपर्यंत जागा भरलेल्या असतात.

राखबंधारा
नोकऱ्यांच्या आधी राखेचं बोला. किलोला 4,000 किलोकॅलरी उष्णता देणारा, 35 टक्के राखेचा कोळसा असेल तर पूर्ण भारावर हा संच दिवसाला साधारण 8,500 टन कोळसा जाळतो आणि 3,000 टन राख टाकतो. त्यातली सुमारे 80 टक्के धुराबरोबर जाणारी उडती राख, बाकीची बॉयलरच्या तळाला पडणारी. ती पाण्यात कालवून तलावात सोडायची आणि तलाव भरत आला की जुन्याच राखेवर बांध चढवायचा, ही स्वस्त पद्धत. धोका तिथेच आहे. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टनला 22 डिसेंबर 2008 रोजी असाच बांध फुटला. सुमारे 41 लाख घनमीटर ओली राख 300 एकरांवर पसरली, नदीतही गेली. चौकशीत खाली दबलेला बारीक, पाणी धरून बसलेल्या राखेचा कमकुवत थर सापडला. वरून पाहणाऱ्याला बांध भक्कमच दिसतो.

धागाकर्ता
मान्य. म्हणूनच ओला तलाव नकोच, असा आग्रह धरावा. उडती राख कोरडी उचलून सायलोत, म्हणजे उंच बंद कोठीत साठवा, तिथून बल्करने, म्हणजे बंद टँकरने सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांकडे पाठवा.

राखबंधारा
पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, उचल घटते, सायलो काही दिवसांत भरतो. मग राख तलावातच जाते. त्यामुळे राखीव तलाव लागणारच. त्याच्या तळाला अस्तर हवं आणि बांधात पाण्याची पातळी मोजणारे पिझोमीटर हवेत. त्यांचे आकडे गावाला मिळाले पाहिजेत.

जलमापक
पाणी विसरू नका. कूलिंग टॉवर असलेल्या केंद्राला मेगावॉट-तासाला अडीच घनमीटर धरलं, तरी दिवसाला जवळजवळ 4 कोटी लिटर झाले. यातलं बहुतेक वाफ होऊन उडतं, परत मिळत नाही. हवेने थंड होणारा कंडेन्सर (टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र) बसवला तर गरज खूपच घटते, मात्र कडक उन्हाळ्यात टर्बाइनमागचा दाब वाढतो आणि वीज कमी मिळते. नेमकी तेव्हाच मागणी जास्त असते. टंचाईत आधी शेती की आधी संच, हे करारात नसेल तर भांडण ठरलेलं.

हिशेबी
माझा विरोध पैशाच्या बाजूने आहे. इलिनॉयमधलं प्रेअरी स्टेट केंद्र, 1,600 मेगावॉट, 2012 मध्ये सुरू झालं. बऱ्याच लहान शहरांच्या वीजसंस्थांनी दीर्घ मुदतीचे करार केले होते: वीज उचला वा न उचला, पैसे भरा. बांधकामाचा खर्च वाढत गेला, बाजारात वीज स्वस्त झाली, आणि भार ग्राहकांच्या बिलावर आला. आता तर दुपारी सौर वीज आली की संच निम्म्यावर उतरवावा लागतो आणि संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. या रोजच्या तापण्या-निवण्याने बॉयलरचे जाड हेडर (अनेक नळ्या जोडलेले मुख्य पाइप) आणि नळ्यांच्या जोडांना तडे जातात, दुरुस्ती वाढते.

धागाकर्ता
खर्चाचा मुद्दा रास्त आहे. म्हणून गावाने भागीदार होऊ नये, जमीन आणि पाण्याचा मोबदला घ्यावा. पण सूर्य मावळल्यावर तासन् तास वीज देणारा संच ग्रिडला अजून लागतो. सगळीकडे विजेच्या साठवणीची सोय झालेली नाही.

चिमणीखाली
धुराबद्दल एक अट हवीच. ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेच्या भाराने ओढून धरणारं यंत्र, बसवला म्हणजे धूळ थांबली, असं नसतं. त्याच्या खालचा हॉपर, म्हणजे राख जमा होणारं नरसाळं, वेळेत रिकामं झालं नाही तर राख वर चढून इलेक्ट्रोडला टेकते, शॉर्ट होतं आणि ते फील्ड, म्हणजे ईएसपीचा तो कप्पा, ट्रिप होऊन बंद पडतं. संच मात्र चालूच राहतो आणि चिमणीतून काळपट धूर निघतो. किती फील्ड बंद असताना भार उतरवायचा, हा आकडा करारात घाला. चिमणीवरच्या मापकाचं वाचन ग्रामपंचायतीच्या दारात पडद्यावर दिसायला हवं. महिन्याने मिळालेला छापील अहवाल त्या रात्रीच्या धुराला उपयोगाचा नाही.