मदत हवी आहे: बर्निंग स्पिअरच्या 'मार्कस गार्वी'चं मूळ जमैकन मिक्स कसं ओळखायचं?

मंडळी, जमैकन रेगे गायक विन्स्टन रॉडनी म्हणजेच बर्निंग स्पिअर मी सध्या पहिल्यापासून क्रमाने ऐकतोय. 1969 ला जमैकातल्या स्टुडिओ वन या रेकॉर्ड कंपनीत सुरुवात केलेला माणूस 2023 मध्येही नवीन अल्बम काढतो, मधे दोन ग्रॅमी, काय दम आहे राव! स्टुडिओ वनचे दोन्ही अल्बम झाले, आता 1975 च्या 'मार्कस गार्वी'वर अडकलोय. निर्माता जॅक रूबीने जमैकात बनवलेला हा अल्बम आयलंड कंपनीने परदेशी श्रोत्यांसाठी परत मिक्स केला आणि धार कमी झाली, स्पिअरलाही ते पटलं नव्हतं असं वाचलंय, म्हणून मला मूळचंच ऐकायचंय.

दोन स्ट्रीमिंग ॲपवर शोधलं, दोन्हीकडे सेमच वाटतंय. 'गार्वीज घोस्ट' जोडलेली सीडी आहे माझ्याकडे, पण ते डब व्हर्जन (गायन बहुतेक काढून बेस-ड्रम्स आणि इको पुढे आणलेलं), ते नकोय. टर्नटेबल आहे, पण बाहेरून जुनी एलपी मागवायची तर शिपिंग आणि कस्टम धरून बजेटबाहेर जातं. पायरेटेड लिंक प्लीज नको.

तर मूळ मिक्स सीडीवर किंवा डिजिटल अधिकृतपणे कुठे मिळतं का, आणि दोन्ही ऐकलेल्या कुणी सांगाल का, नुसत्या कानाने फरक कुठल्या गाण्यात, बेसमध्ये की हॉर्न्समध्ये, पटकन कळतो?