गावातली हळद म्हणजे धिंगाणा आणि आपली शोभायात्रा म्हणजे परंपरा?

सेक्टरवाली_घणसोली (धागाकर्ती)

घणसोली गावठाणाला लागून आमची सोसायटी आहे. लग्नसराई सुरू झाली की गावात हळदी आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी, हे दरवर्षीचंच. यंदा मात्र तक्रार आवाजापाशी थांबली नाही. 'पैसा आला पण संस्कार आले नाहीत', 'जमिनी विकायच्या आणि नाचायचं', 'यांना शिक्षणाची ओढच नाही' इथवर मजल गेली. लिहिणारे सगळे मराठी, शिकलेले, एरवी तोलूनमापून बोलणारे. याच ग्रुपवर पाडव्याला ठाण्याच्या शोभायात्रेतल्या ढोलपथकांचे व्हिडिओ आले होते. त्याखाली 'अंगावर काटा आला', 'हीच आपली संस्कृती'. त्या सकाळी राम मारुती रोडवर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे कुणी लिहिलं नाही.

आपली संस्कृती आपण तिच्या सगळ्यात चांगल्या क्षणावरून मोजतो आणि दुसऱ्याची तिच्या सगळ्यात वाईट रात्रीवरून, हे मला खुपतं. आपल्या लग्नातला अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी ही संस्कृती. मानपानावरून धरलेला अबोला, 'आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या' म्हणत घेतलेला हुंडा, ही मात्र 'काही घरांतली' गोष्ट. गावातल्या लग्नाला ही सवलत नाही. तिथे एका टेम्पोवरचा डीजे म्हणजे अख्खा आगरी समाज.

अकराव्या शतकात मध्य आशियातून आलेल्या अल-बिरुनी या विद्वानाने हिंदुस्थानाबद्दल लिहिताना तक्रार केली आहे की इथल्या लोकांना आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखं शास्त्र नाही असं वाटतं. तक्रार बोचरी आहे. पण तो संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला आणि त्यांचं म्हणणं आधी त्यांच्या बाजूने मांडून दाखवलं. आपण शेजारच्या गल्लीतल्या माणसासाठी तेवढेही कष्ट घेत नाही. कुणाला काही बोलूच नये असं माझं म्हणणं नाही. बोलण्याआधी त्यांच्याकडून ऐकलंत का, हे विचारते आहे. इथे गावातले आणि सेक्टरमधले दोघेही वाचतात, म्हणून धागा काढला.

पहिली_पाळी

ताई, मी तुमच्याच नोडमध्ये, म्हणजे घणसोलीतच राहतो आणि रबाळे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो. पहाटे पाचला उठायचं असतं. खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा मी कुणाच्या संस्कृतीचा न्यायनिवाडा करत नसतो, मला झोप हवी असते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सण-उत्सवासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यात घरची हळद बसत नाही. तुम्ही नियमाच्या साध्या प्रश्नाचा संस्कृतीचा प्रश्न करता आणि त्याची ढाल डीजेवाल्यालाच मिळते. तक्रार केली की 'अहो, लग्नकार्य आहे, समजून घ्या'. समजून घ्यायचं ते नेहमी झोपमोड झालेल्यानेच का?

सेक्टरवाली_घणसोली

मग दहाच्या नियमावर बोला, तुमच्या पत्रावर माझी पहिली सही असेल. पण 'संस्कार आले नाहीत' हे किती डेसिबलमध्ये मोजायचं? आवाजाचं गाऱ्हाणं आवाजापुरतं ठेवणारे तुम्ही एकटे आहात. बाकीच्यांनी आवाजाच्या आडून दुसरंच बोलून घेतलं.

गावठाण_कन्या

मी गावातली. आगरी. तुमच्या ग्रुपवरचे ते मेसेज फिरत फिरत आमच्याकडेही येतात, हे आधी सांगते.

तुम्हाला खिडकीतून हळदीची रात्र दिसते, मांडवाचा दिवस दिसत नाही. 'आमचे घरान हलद हाय, सगल्यांनी येवाचा' असं घरोघरी सांगितलेलं असतं. भावकी मांडवाला येते, बायका तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसतात आणि मांडवात धवलारीण येते. आमच्या लग्नाची पुरोहित ती. हातात पोथी नाही, सगळं तोंडपाठ. विधीविधीचा धवला, म्हणजे लग्नगीत, वेगळा, ती गाते तसतसा विधी पुढे सरकतो. माझ्या लग्नात ज्या आजी होत्या त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाटाशी बसल्या, डोळे मिटले आणि गावदेवीला, कुलदेवाला, एकवीरा आईला लग्नाला बोलावत गेल्या. मागे झील धरणाऱ्या एका मुलीचा शब्द चुकला. आजींनी डोळे न उघडता नुसता हात वर केला, सगळ्या थांबल्या, ओळ पुन्हा पहिल्यापासून. शहरात बायका पौरोहित्य शिकल्या की त्याचं वर्तमानपत्रात कौतुक येतं, यावंच. आमच्याकडे बाई लग्न लावते हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुमच्या शोभायात्रेला मी नावं ठेवत नाही, मीही जाते. पण पाडव्याची ती स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली, ठाण्यात त्यानंतर. ती लगेच 'परंपरा' झाली आणि धवला अजून तुमच्या लेखी कुठेच नाही.

आता 'जमिनी विकून नाचतात'. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनात गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली. रास्त मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. मांडव गल्लीत घालून आम्ही रस्ता अडवतो म्हणता. पूर्वी तो खळ्यात पडायचा. ते खळं आता तुमच्या सेक्टरमध्ये आहे.

पहिली_पाळी

धवलारीणबाईंबद्दल वाचून मनापासून आदर वाटला, हे आधी नोंदवतो. पण रात्री एक वाजता धवला वाजत नाही. वाजतो तो डीजे, आणि त्याच्यासमोर तुमच्या आजींचा आवाजही टिकत नाही. म्हणजे तुम्ही चांगला क्षण पुढे करून वाईट रात्र झाकताय. धागाकर्तीची सोसायटीवाल्यांबद्दल हीच तक्रार आहे ना?

जमिनीचा अन्याय खरा आहे. साडेबारा टक्क्यांतले कित्येक भूखंड पुढे बिल्डरांना विकले गेले हेही खरं आहे. आणि यातलं काहीच मी केलेलं नाही. मी कर्ज काढून वन बीएचके घेतला. १९८४ चा हिशेब माझ्या झोपेतून का वळता करायचा?

नौपाडा_जुना

माझा विरोध धाग्याच्या मूळ भूमिकेलाच आहे. 'आधी त्यांचं ऐका' इथवर ठीक. पण ते वाक्य बहुतेक वेळा 'ज्याची त्याची संस्कृती, आपण कोण बोलणार' इथे जाऊन थांबतं. महाराष्ट्र असा घडलेला नाही. फुले आणि आगरकर यांनी स्वतःच्या समाजाला फटकारलं तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं गेलं, की ही आपली रीत आहे. विधवांचं केशवपन रीतच होती. आठ वर्षांच्या मुलीचं लग्न रीतच होती.

आणि फक्त आतल्यानेच बोलावं असंही नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या मुलींच्या शिक्षणाचं, बायकांच्या संघटनांचं भरभरून कौतुक केलं आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना तिथे कसं वागवतात यावर कोरडेही ओढले. परकी बाई, वय तिशीच्या आसपास, आणि ती एका बलाढ्य समाजाला तोंडावर चूक म्हणते आहे. आम्ही परके म्हणून बोलायचं नाही, असं मानलं असतं तर ते पुस्तक झालंच नसतं. हुंडा वाईट, मग तो नौपाड्यात असो नाहीतर घणसोलीत. दारूच्या नशेत नाचणं वाईट, मग ते हळदीत असो नाहीतर विसर्जनाला.

टेंभीनाका

काका, रमाबाईंकडे लेखणी होती, अमेरिकेचं त्या काही बिघडवू शकत नव्हत्या. न्याय करणाऱ्याच्या हातात सत्ता असली की गोष्ट बदलते.

ठाण्यातलंच उदाहरण देतो. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं शार हाशामाईम सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे. आमच्या शाळेतल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मुलांच्या घरी मराठीच बोलली जायची. कोकणात हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. कुणी त्यांच्या श्रद्धेची कागदपत्रं मागितली नाहीत. नवसाला, शुभकार्याला ते मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. हेच लोक इस्रायलला गेले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा, असे आदेश निघाले. शतकानुशतकं धर्म सांभाळलेल्या माणसांना स्वतःच्याच धर्माच्या दारात पुरावे द्यायला लावले. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं तेव्हा कुठे १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता मिळाली. शंका घेणारे आपल्या मते धर्म शुद्ध राखत होते. म्हणून 'आम्ही फक्त वाईटाला वाईट म्हणतो' यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

नौपाडा_जुना

आणि ते लढले कशाच्या बळावर? 'आमची रीत वेगळी आहे, राहू द्या' असं म्हणून नाही. 'इतरांना जो नियम तोच आम्हाला' असं म्हणून. तुमचं उदाहरण माझीच बाजू घेतं. समान निकष हवाच आणि तो लावणाराही हवा.

उपवन_फेरी

आगरी-कोळी भूमिपुत्र आहेत, त्यांचं एक वेळ मान्य. पण उत्तर भारतीयांच्या छठपूजेला तलावांवर जे चालतं ते शक्तिप्रदर्शन आहे. नेत्यांचे फलक बघा. इथे राहायचं तर इथल्यासारखं राहा.

सेक्टरवाली_घणसोली

नेत्यांचे फलक ठाण्याच्या दहीहंडीला कमी असतात? तिथे बक्षिसाचे आकडे थरांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, आणि आपण टाळ्या वाजवतो त्या थरांसाठी. वरच्या मुलाचं धैर्य आपल्याला दिसतं. मग सुमारे ३६ तास निर्जळी राहून कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली बाई आपल्याला का दिसत नाही? फलक लावणारा दोन्हीकडे एकच असू शकतो.

गावठाण_कन्या

पहिली पाळी, डीजेचं समर्थन मी कुठेही केलेलं नाही आणि गावातही सगळे करत नाहीत. आमच्या बैठकीत यावर दरवर्षी भांडण होतं. चुलत्याने केली म्हणून कर्ज काढून तशीच हळद करायची, वर दारूचा खर्च. याविरुद्ध उभं राहून बोलणाऱ्या बहुतेक बायका आहेत, कारण नंतर कर्ज फेडताना अंगावरचं सोनं त्यांचंच मोडतं. आता तुमच्या ग्रुपने काय केलं ते ऐका. 'सेक्टरवाले आपल्याला अडाणी म्हणतात' हे गावात पसरलं की 'डीजे बंद करा' म्हणणारी बाई सेक्टरवाल्यांची ठरते. मग ती गप्प बसते. डीजे अजून मोठा येतो, तुम्हाला ऐकवायलाच. तुमच्या मेसेजांनी आवाज कमी झाला नाही, आमच्या बायकांचा आवाज कमी झाला.

नौपाडा काका, निकष समान हवा हे मला मान्य आहे. मग तो क्लबहाऊसमध्येही आणा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मजल्यावरच्या विधवा बाईंना अजून बोलावणं जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ते खेडं आहे. तुमच्या सोसायट्यांमध्ये असा ठराव कधी झालाय?

नौपाडा_जुना

नसेल झाला, तर व्हायला हवा. मी कुणालाच वगळलेलं नाही. फक्त आतल्या बायका हिंमत करेपर्यंत बाहेरच्याने तोंड बंद ठेवावं, हे मला आजही मान्य नाही. कित्येकदा आतल्यांना बळ बाहेरच्या शब्दानेच येतं. तो शब्द तुच्छतेचा नसावा, इतकंच मी मान्य करतो.

पहिली_पाळी

मी एक पत्र लिहितो आहे. दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, एवढीच मागणी. एक प्रत गावच्या मंडळींना, एक आमच्या सोसायटीच्या कमिटीला, कारण आमच्या नवरात्रीतही दहानंतर स्पीकर चालू असतो. गावठाणताई, गावात कुणाच्या नावे द्यायचं ते सांगा. आणि ज्या बायका बैठकीत बोलतात त्यांना आधी दाखवा. त्यांना अडचण होईल असं एकही वाक्य त्यात नको.

कमिटी_सदस्य

यात सोसायटीच्या नवरात्रीला कशाला ओढता? ती आपल्या आवारात असते आणि वर्षातून नऊच दिवस.

पहिली_पाळी

हळद एका पोराची आयुष्यातून एकदाच असते. पत्र दोन्हीकडे जाईल, तुमची सही नसली तरी.