‘साहित्य’, ‘कृती’ आणि ‘साहित्यकृती’

पाककलेवरील मराठी पुस्तकांत पदार्थाच्या नावाखाली आधी ‘साहित्य’ आणि मग ‘कृती’ असे मथळे असतात. हेच दोन शब्द जोडले की कथा-कादंबरीला लागू पडणारा ‘साहित्यकृती’ हा शब्द होतो. थालीपिठाचे साहित्य आणि संतांचे साहित्य यांसाठी एकच शब्द कसा, ही शंका त्यामुळे रास्तच आहे.

‘साहित्य’ हे ‘सहित’ या विशेषणावरून झालेले भाववाचक नाम असून त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र असणे’ एवढाच आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने ‘शब्दार्थौ सहितौ काव्यम्’ असे म्हटले, म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे एकत्र नांदणे त्याने काव्याच्या व्याख्येतच घातले. पुढे राजशेखराने ‘साहित्यविद्या’ ही संज्ञा याच सहभावावरून समजावली, आणि चौदाव्या शतकात विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथाच्या नावातच तो शब्द आला. दुसरीकडे, एखाद्या कामासाठी एकत्र जमवलेल्या वस्तू, मग त्या पूजेच्या असोत की बांधकामाच्या, मराठीत ‘साहित्य’च ठरतात. त्यामुळे स्वयंपाकघरातला अर्थ हा ग्रंथांतल्या अर्थाचा अपभ्रंश आहे, असे मानणे मला पटत नाही. दोन्ही अर्थ ‘सहित’मधूनच निघालेले आहेत. (हिंदीत वस्तूंसाठी ‘सामग्री’ रूढ असल्याने तिथे हा घोटाळा सहसा होत नाही. कर्नाटक संगीतात मात्र गीताच्या शब्दांना ‘साहित्य’ आणि त्यागराजांच्या रचनांसारख्या रचनेला ‘कृती’ म्हणतात.)

‘साहित्य’ हे समूहवाचक असल्याने ‘एक साहित्य, दोन साहित्ये’ असे आपण म्हणत नाही. एकाच कादंबरीविषयी किंवा नाटकाविषयी बोलायचे असेल, तर मोजता येणारा शब्द लागतो आणि ती गरज ‘कृती’ भागवते. ‘कृ’ धातूपासून आलेल्या या शब्दात करण्याची क्रिया आणि केलेली वस्तू असे दोन्ही अर्थ आहेत. ‘पाककृती’त पहिला वापरला जातो, ‘कलाकृती’त दुसरा.

‘वाङ्मय’ म्हणजे वाणीने घडलेले सारे काही, म्हणून ‘शास्त्रीय वाङ्मय’ सहज म्हणता येते, पण गणिताच्या पाठ्यपुस्तकाला ‘साहित्यकृती’ म्हटलेले कानाला खटकते. लेखनाबाबत एवढेच, की ‘कृती’ आणि ‘कलाकृती’ यांत शेवटची वेलांटी दीर्घ, तर ‘कृतिशील’मध्ये ती ऱ्हस्व.